टाके आपण घातले, ताट कुणी वाढायचं?

महाराष्ट्रात गरिबाच्या लेकराच्या हृदयाचं ऑपरेशन मोफत होऊ शकतं, ही लहान गोष्ट नाही. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. मधल्या काळात, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाला सुरुवात झाली. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात, पोरांच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि ज्याच्या ठोक्यांत फरक वाटतो त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन येतात. एके काळी गरिबाघरची अशी बाळं निदान होण्याआधीच जात. आज त्यांतली पुष्कळ ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचतात. हे ज्यांनी घडवलं, त्या डॉक्टरांना, परिचारिकांना, वाडी-वस्त्यांवर फिरणाऱ्या पथकांना माझा मनापासून नमस्कार आहे.

माझी फिर्याद आपल्यावर आहे. समाज म्हणून आपण या मुलांच्या छातीला टाके घालतो आणि त्यांना उपाशी ठेवतो. ऑपरेशनच्या आधी उपाशी, ऑपरेशनच्या वेळी अर्धपोटी आणि ऑपरेशननंतर पुन्हा उपाशी. हे कुणाच्या दुष्टपणामुळे घडत नाही. ज्याचा फोटो निघतो, ज्याची फीत कापता येते, ज्यावर देणगीदाराचं नाव कोरता येतं त्यालाच आपण मदत मानतो. व्हेंटिलेटरला देणगीदार मिळतो, रुग्णवाहिकेला मिळतो. वॉर्डातल्या बायांच्या रोजच्या डाळ-भाताला आणि दोन अंड्यांना कुणी मिळत नाही.

आधी हे मूल उपाशी कसं राहतं ते नीट समजून घेऊ, कारण या उपासमारीत घरच्या दारिद्र्याइतकाच आजाराचाही हात असतो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक असलं, की शुद्ध झालेलं रक्त पुन्हा फुप्फुसांकडे वळतं. फुप्फुसं रक्ताने तुंबतात आणि बाळाला झोपेतसुद्धा धाप लागते. अशा बाळाला पाजताना जवळ बसून पाहा. ते अंगावर लागतं, तीन-चार घोट ओढतं आणि सोडून देतं. बरगड्यांखालची कातडी आत खेचली जाते. बाहेर थंडी असली तरी कपाळावर आणि वरच्या ओठावर घामाचे थेंब जमतात. पुन्हा लागतं, दोन घोट घेतं, पुन्हा सोडतं. पाऊण तासाने दमून, पोट न भरताच डोळे मिटतं आणि थोड्याच वेळात भुकेने रडत उठतं. आई दिवसभर पाजतच असते आणि पोर वाढत नसतं.

निरोगी तान्ह्या बाळाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १०० कॅलरी पुरतात. या बाळाला १२० ते १५० लागतात, कारण नुसता श्वास घेण्यातच त्याची कमाई संपते. चार महिन्यांच्या मुलीचं वजन सहा किलोच्या पुढे हवं. ती साडेतीन किलोची असेल, तर १४० च्या दराने तिला ४९० कॅलरी हव्यात, म्हणजे सुमारे ७०० मिलिलिटर आईचं दूध. एवढं ती ओढू शकत नाही. शिवाय हृदयावर भार नको म्हणून डॉक्टरांना तिच्या पोटात जाणाऱ्या पाण्याचंही माप ठेवावं लागतं. यावर मार्ग आहे आणि तो अवघड नाही. आईचं दूध वाटीत काढायचं, डॉक्टर सांगतील त्या मापाने त्यात पोषक पूड किंवा खोबरेल तेल मिसळायचं, म्हणजे थोड्या दुधात जास्त ताकद जाते. बाळ तोंडाने घेईल तेवढं घेऊ द्यायचं आणि उरलेलं नाकातल्या नळीने पोटात सोडायचं. दांडा काढलेली सिरिंज नळीला लावून उंच धरली की दूध आपल्या वजनाने सावकाश उतरतं. ढकलायचं नाही, घाई करायची नाही. अंगठा उमटवणाऱ्या आईलाही हे शिकवता येतं, फक्त तिच्या शेजारी बसून शिकवणारं माणूस हवं. हृदयाच्या ऑपरेशनला लाखो रुपये मंजूर करणारी व्यवस्था त्या माणसाच्या पगारापाशी येऊन अडते.

त्याऐवजी आईला काय मिळतं? ‘वजन वाढवून आणा, मग बघू.’ तालुक्याला, जिल्ह्याला, कधी कधी मोठ्या शहरातही हे वाक्य तिच्या फाईलसोबत तिच्या हातात पडतं. हृदयाच्या शस्त्रक्रियेतले जाणकार आज सांगतात, की मोठं भोक असलेल्या बाळाचं ऑपरेशन केवळ वजनासाठी लांबवू नये. भोक बुजल्याशिवाय वजन वाढायचं नाही; गळक्या घागरीत पाणी भरत बसण्याला अर्थ नसतो. फार उशीर झाला तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात आणि मग ऑपरेशनच करता येत नाही. कोचीतल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये अशा मुलांविषयी लिहिलं. उपचाराला आलेली अर्ध्याहून अधिक मुलं वजनाने फार खाली होती आणि दुरुस्तीनंतर त्यांच्यातली पुष्कळ भराभर सावरली. केरळने २०१७ मध्ये ‘हृद्यम’ नावाची योजना काढली. तिच्यात हृदयाचा दोष असलेल्या बाळाची नोंद होते आणि कुणाला किती तातडी आहे हे पाहून जागा दिली जाते. आपल्याकडेही हे करता येण्यासारखं आहे. तारीख मिळेपर्यंतचे आठवडे मात्र बाळाने काढायचेच असतात आणि त्या आठवड्यांत त्याला पोसणं हा उपचाराचाच भाग आहे. तो भाग आपण बाईच्या पदरात टाकून मोकळे होतो.

काही हृदयदोषांत बाळाचं अंगच निळं पडतं; अशा निळ्या बाळांची गत आणखी वेगळी. त्यांच्या रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन भरपूर दिसतं, म्हणून सगळे निर्धास्त होतात. पण अंगात लोह कमी असेल तर त्यांचे निळं पडण्याचे झटके वाढतात आणि मेंदूत रक्ताची गाठ अडकण्याचा धोका वाढतो. थोडक्या पैशांची लोहाची बाटली डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर मिळाली तर टळू शकणारं हे संकट आहे.

कुपोषित अंगावर मोठं ऑपरेशन झालं की काय होतं, हे आयसीयूतल्या कोणत्याही सिस्टरला विचारा. कृत्रिम श्वासावरून मूल लवकर उतरत नाही. जंतुसंसर्ग पकडतो. जखम भरत नाही. शरीराला प्रथिनं बाहेरून मिळाली नाहीत तर ते आपलेच स्नायू मोडून वापरतं आणि त्या स्नायूंत श्वासाचेही स्नायू असतात. म्हणूनच चांगल्या केंद्रांत ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच थेंब-थेंब दूध सुरू करण्याची धडपड असते. सर्जनने सहा तास उभं राहून केलेल्या कामाचा निकाल नंतरच्या सहा आठवड्यांत त्या मुलाच्या पोटात काय जातं यावरही ठरतो.

आता ताटाची गोष्ट. एका मोठ्या रुग्णालयाच्या लहान मुलांच्या वॉर्डात मी दुपारी जेवणाची गाडी फिरताना पाहिली. प्रत्येक खाटेपाशी थांबत, नाव वाचत, ताट ठेवत ती पुढे सरकली. एका खाटेपाशी थांबली नाही. त्या खाटेवर चार महिन्यांची मुलगी होती, ऑपरेशनची वाट पाहणारी, नाकात नळी. रुग्ण चार महिन्यांची, तेव्हा तिच्या नावाचं ताट नाही. आई रुग्ण नाही, तेव्हा तिच्याही नावाचं ताट नाही. मी गाडीवाल्या मामांना विचारलं. ते बिचारे कानकोंडे होऊन म्हणाले, “ताई रोज मागत नाहीत. उरलं तर देतो आम्ही.” आई खाली मान घालून म्हणाली, “राहू द्या दादा, मी खाल्लंय.” तिने सकाळी चहाबरोबर पाव खाल्ला होता. ती बीड जिल्ह्यातली, नवरा ऊसतोडीला गेलेला, सोबत सासू. ज्या दुधावर मुलीचं ऑपरेशन उभं राहणार होतं, ते दूध एका चहा-पावातून तयार व्हावं, अशी अपेक्षा त्या वॉर्डातल्या आम्हा सगळ्यांची होती. कागदावर कुणाचीच चूक नव्हती. पॅकेजमध्ये रुग्णाचं जेवण धरलेलं असतं, आईचं धरलेलं नसतं. पाजणारी आई हेच तान्ह्या रुग्णाचं ताट आहे, एवढी साधी गोष्ट नियम लिहिणाऱ्यांना सुचली नाही आणि नियम पाळणाऱ्यांना खटकली नाही.

त्या आईला तिच्या घरात, गावात काय ऐकावं लागतं, ते तर निराळंच. ‘हिचं दूधच पातळ.’ ‘हिच्या दुधाला सत्त्व नाही.’ ‘पोराला नजर लागली, दूध अंगी लागत नाही.’ हृदयातला दोष गर्भात पहिल्या आठ-दहा आठवड्यांतच तयार होतो, पण आपण त्याचा जाब बाईच्या स्तनांना विचारतो. मग अंगावरचं दूध तोडून बाटली सुरू होते, पावडरचा डबा महाग म्हणून त्यात दुप्पट पाणी पडतं. मेळघाटात २०२५ च्या फेब्रुवारीत २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे साठहून अधिक चटके दिल्याची बातमी आली, तेव्हा शहरांतले लोक हळहळले आणि आदिवासींच्या अंधश्रद्धेवर बोलून मोकळे झाले. चटका अमानुष आहे आणि तो थांबलाच पाहिजे. पण धापा टाकणाऱ्या बाळाला घेऊन ज्या वस्तीला डॉक्टरपर्यंत पोचायला दिवस जातो, तिथे गावचा वैदू, भूमकाच, हाताशी असतो. आणि शहरातल्या फ्लॅटमध्येही, ऑपरेशन झालेल्या पोराला ‘टाके पिकतील’ म्हणून डाळ, अंडं, दही, केळं सगळं बंद करून महिनाभर पेज आणि बिस्किटांवर ठेवणारे आजी-आजोबा मला भेटले आहेत. ते पदवीधर होते. जखम भरायला जे लागतं तेच जखमेच्या नावाने काढून घेणं हाही चटकाच आहे, फक्त त्याचा व्रण दिसत नाही.

आणि मूल मुलगी असेल तर? दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्येक सुशिक्षित घराने वाचावा असा आहे. ज्या मुलांना हृदयाचं ऑपरेशन सुचवलं होतं, त्यांतल्या ७० टक्के मुलग्यांचं ऑपरेशन झालं. मुलींपैकी फक्त ४४ टक्क्यांचं. दोष तोच, डॉक्टर तेच, रुग्णालय तेच. छातीवर व्रण राहिला तर उद्या हिचं लग्न कसं होणार, हा प्रश्न आईबापांना श्वासापेक्षा मोठा वाटला. जिथे टेबलापर्यंत नेण्यातच एवढा भेद, तिथे घरच्या वाटीतल्या दुधात भेद होत नसेल असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणावं. अशा घरात भावाच्या पेल्यात दूध आणि बहिणीच्या पेल्यात चहा मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तो चहा ओतणारी तिची आईच होती. तिला तिच्या माहेरी हेच शिकवलेलं होतं.

डिस्चार्जच्या दिवशी कार्डावर लिहिलं जातं: ‘पौष्टिक आहार.’ दोन शब्द. सोबत १० दिवसांपर्यंतची औषधं योजनेतून मिळतात. अकराव्या दिवसापासून ते मूल पुन्हा आपल्या मूळच्या भुकेच्या स्वाधीन. त्या बीडच्या मुलीसारखी असंख्य मुलं परततात ती गावात नव्हे, फडात. दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेली जोडपी, ज्यांना साखरधंद्याच्या भाषेत माणूसही म्हणत नाहीत, ‘कोयता’ म्हणतात, पोरंबाळं घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अंगणवाडीतलं नाव मागे गावात राहतं, रेशनकार्ड मागे राहतं, घरी न्यायच्या आहाराचं (टीएचआर) पाकीट मागे राहतं, फॉलोअपची तारीखही मागे राहते. पहाटे तीनला आई फडात उतरते आणि छातीवर ताजा व्रण असलेलं मूल पाचटाच्या कोपीत सहा वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन असतं. साऱ्या देशाचं तोंड गोड करणाऱ्या धंद्याच्या सावलीत त्या मुलाला दुधाचा पेला मिळत नाही. या धंद्यावर आमदारक्या उभ्या राहिल्या, शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या.

सरकारचा हिशेबही लोकांनी एकदा उघड्या डोळ्यांनी वाचायला हवा. अंगणवाडीतल्या मुलाच्या पूरक पोषणाचा दर केंद्राने २०१७ मध्ये ठरवला: दिवसाला ८ रुपये, आणि तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये. आठ रुपयांत फार तर एक अंडं येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के खुजी आणि २५.६ टक्के कृश आढळल्याचं नोंदवलं. देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एकात दर चार मुलांमागे एक कृश! या गर्दीत हृदयाचा रोगी सहज हरवतो. अंगणवाडी सेविका त्याचा दंड मोजते, पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली जाते, नाव तीव्र कुपोषितांच्या यादीत चढतं, पाकिटं सुरू होतात. महिने जातात, वजन हलत नाही, आणि ठपका परत आईवर. या मुलाला श्वास का लागतो हे विचारणारं कुणी मधल्या काळात भेटलं नाही, तर ऑपरेशनची वेळ निघून जाते.

आणि त्या पाकिटांचं तरी काय झालं? अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत, असं सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजीच सांगितलं होतं. हा आहार गावातल्या बायकांच्या हातून शिजावा, असा त्यामागचा विचार. आपल्या राज्यात महिला मंडळांच्या नावाआडून कंत्राटदारच वर्षानुवर्षं पुरवठा करत राहिले. २०१९ मध्ये न्यायालयाला ६,३०० कोटींची कंत्राटं रद्द करावी लागली. लहान मुलांच्या तोंडचा घास एवढ्या मोठ्या रकमेचा धंदा होतो, तेव्हा तो काही एका रात्रीत होत नाही. त्याला गावोगावचं मौन लागतं. पाकीट आलं, पोराने तोंड फिरवलं, गुरांना घातलं, आणि आपण ‘सरकारी माल’ म्हणून हसून सोडून दिलं. आपल्या पोराच्या डब्यात तेच पाकीट असतं तर आपण हसलो असतो का?

अंड्याचं तर आपण धर्मयुद्धच केलं. २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं. न खाणाऱ्याला केळं होतंच. तरी भावना दुखावल्या. विरोध करणाऱ्यांत कितीजणांची मुलं झेडपीच्या शाळेत खिचडीच्या रांगेत उभी राहतात? २०२५ च्या जानेवारीत सरकारने अंड्याचा पैसा बंद केला आणि शाळांना सांगितलं, हवं तर लोकवर्गणीतून करा. ज्या गावात मंदिराच्या कळसाला महिन्याभरात वर्गणी जमते, त्या गावात पोरांच्या अंड्याला किती जमली, ते प्रत्येकाने आपापल्या गावात विचारून पाहावं. मी शाकाहाराच्या विरोधात नाही. ज्याला नको त्याला दूध द्या, शेंगदाण्याचा लाडू द्या, नाचणीत डाळ घालून द्या. पण दुसऱ्याच्या उपाशी लेकराच्या ताटातून अंडं काढून घेऊन आपलं सोवळं जपण्याचा अधिकार कुणालाही नाही.

ज्यांच्या नावाने ही शस्त्रक्रियेची योजना चालते, त्या जोतिरावांनी असली वेळ पाहिली होती. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी अन्नछत्रं उघडली, धनकवडीच्या छावणीत मुलांसाठी बालाश्रम चालवला, आणि जोतिरावांनी मदतीसाठी लोकांना हाक दिली. सावित्रीबाई त्या कामात स्वतः राबल्या. आधी मुलाची जात, मग ताट, असा हिशेब तिथे नव्हता. पुढच्या काळात गाडगेबाबांनी मुंबईत आजाऱ्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी केली, कारण आजाऱ्याइतकाच त्याच्याजवळ बसलेला माणूसही उघड्यावर पडतो हे त्यांना दिसलं. या दोघांच्या जयंत्या आपण करतो, मिरवणुका काढतो, आणि त्याच रस्त्यावर मुंबईतल्या रुग्णालयांबाहेर फूटपाथवर प्लास्टिक अंथरून बसलेल्या आया आपल्या मिरवणुकीला वाट करून देतात.

मागणी मोठी नाही. फुले योजनेच्या पॅकेजमध्ये तान्ह्या रुग्णाच्या आईचं दोन वेळचं पुरेसं जेवण धरावं. मुलांची हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात आहारतज्ज्ञाचं पद भरलेलं असावं आणि डिस्चार्जच्या आधी आईने नळी, माप, वाटी स्वतःच्या हाताने करून दाखवलेली असावी. कार्डावर ‘पौष्टिक आहार’ हे दोन शब्द न लिहिता किती वेळा, किती, कशात काय मिसळून, हे तिला वाचता येईल किंवा चित्रात कळेल असं लिहावं. ऑपरेशननंतर सहा महिने त्या मुलाचं नाव आशा आणि अंगणवाडी सेविका दोघींकडे असावं. दूध, अंडी, तेल यांचा खर्च ऑपरेशनचा खर्च समजून द्यावा. दर महिन्याला वजन घ्यावं, आणि ते थांबलं तर आईला दटावण्याऐवजी मुलाला परत हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यावं.

आणि साखर कारखान्यांना माझं एक थेट सांगणं आहे, कारण गळीत हंगाम दरवर्षी मोळीपूजनाने सुरू होतो आणि त्याला मंत्री येतात. आपल्या टोळ्यांबरोबर आलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांची यादी मुकादमांकडून मागवा. कुणाचं ऑपरेशन झालंय, कुणाची तारीख ठरलीय, कुणाला धाप लागते, हे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडून तपासून घ्या. तळावर अंगणवाडी चालेल एवढी जागा द्या, रोज दूध-अंडी पोचवा आणि फॉलोअपच्या दिवशी त्या आईची हजेरी न कापता तिला गाडी द्या. गव्हाणीत मोळी पडण्याआधी ती यादी चेअरमनच्या टेबलावर आलेली असली पाहिजे.